आजीपासून तान्ह्या नातीपर्यंत दहा जण: परदेशवारी जमवायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगडजवळच्या गावात आजी (वय ७९) आणि आई-बाबा राहतात. बाबा ६३ वर्षांचे, त्यांना मधुमेह आहे. आई ५८ वर्षांच्या, त्यांचे गुडघे दुखतात. घरची हापूसची बाग आहे. विचारणारे स्वतः ठाण्यात असतात. सोबत बायको, सात वर्षांचा मुलगा आणि वीस महिन्यांची मुलगी. दादा जहाजावर, वहिनी आणि चौदा वर्षांची पुतणी डोंबिवलीला. आजी हिंडती-फिरती आहे तोवर सगळ्यांनी एकदा परदेशात जायचं ठरलंय. दुबई, बाली, सिंगापूर आणि युरोप ही चार नावं घरात फिरतायत. कुठे जावं, कधी जावं आणि टूरबरोबर जावं की आपलं आपण?

मी कुडाळला प्रवासाची बुकिंगं करतो आणि असे गोतावळे परदेशी पाठवणं हे माझं नेहमीचं काम आहे. त्यामुळे उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. तुमच्या घरासाठी सिंगापूर, पाच रात्री, एकच हॉटेल, जूनचा पहिला आठवडा. तिकीट, व्हिसा आणि हॉटेल एजंटकडून घ्या, पण ग्रुप टूरमध्ये शिरू नका. तिथे फिरायला आपली व्हॅन ठरवा.

घरोघरी ही चर्चा देशाच्या नावावरून सुरू होते. कोणीतरी मोबाईलवर बालीचा झोका बघितलेला असतो, कोणाला स्वित्झर्लंडचा बर्फ हवा असतो. देश ठरला की मग त्यात आजीला कुठे बसवायचं याची खटपट चालते. मी उलट्या टोकाने सुरुवात करायला सांगतो: आधी माणसं, मग कॅलेंडर, मग कागद. एवढं नीट मांडलं की चारातली तीन नावं आपोआप गळतात.

माणसं मांडताना सगळे धरून चालतात की अडचण आजीची होणार. माझ्या पाहण्यात आजी क्वचितच अडचण होते. कोकणातली ७९ वर्षांची बाई म्हणजे आयुष्यभर पाणंद चढून-उतरून घडलेली. सांगाल तिथे बसेल, देतील ते चार घास खाईल. खरी दमते ती वीस महिन्यांच्या मुलीची आई. घरी पोरीला घ्यायला चार हात असतात. परदेशात नवी जागा, नवे चेहरे, म्हणून मूल चोवीस तास आईच्याच कडेवर. दुसऱ्या तुमच्या आई. गुडघा दुखत असला तरी त्या बोलणार नाहीत, आणि चौथ्या दिवशी एकदम 'तुम्ही जा, मी खोलीवर थांबते' म्हणतील. तिसरे बाबा. जेवणाची वेळ टळली की साखर खाली येते आणि आवाज वर जातो. म्हणजे तुमच्या सहलीचा वेग या तिघांवर ठरणार. पुतणीचंही एक सांगून ठेवतो: चौदा वर्षांच्या मुलीला पाच दिवस फुकटची आया करू नका. तिला एक संध्याकाळ तिच्या मनासारखी द्या, बाकी वेळ ती आपण होऊन पोरांना सांभाळेल.

आता कॅलेंडर. बागायतदाराच्या घरात हे सगळ्यात अवघड. नोव्हेंबर-डिसेंबरला मोहोर आणि फवारण्या सुरू झाल्या की मेअखेरपर्यंत बाबा कुठेही हलणार नाहीत, आणि हलवले तर जीव बागेत राहील. सप्टेंबरच्या आसपास गणपती, त्यापुढे भातकापणी. दिवाळीच्या सुट्टीत जाता येतं, पण तेव्हा भाडी चढलेली असतात आणि सिंगापुरात पावसाचा जोर वाढू लागतो. उरतो तो कॅनिंगचा शेवटचा आंबा गाडीत चढला की शाळा सुरू होईपर्यंतचा काळ. मुलांची सुट्टी असते, पाऊस अजून नीट धरलेला नसतो. सिंगापुरात जून तुलनेने कोरडा. मात्र तिथल्या शाळांनाही तेव्हा सुट्टी असते, त्यामुळे प्राणिसंग्रहालय नि युनिव्हर्सल स्टुडिओला शनिवार-रविवारी जाऊ नका. (मच्छीमार कुटुंबांना मी जून-जुलैच सांगतो, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. बाली तेव्हा छान कोरडी असते.)

जूनचा दुसरा आठवडा मात्र टाळा. महिन्याच्या मध्यावर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं आणि गाड्या हळू चालतात. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा रेल्वे आणि महामार्ग दोन्ही अडले होते. एवढं दरवर्षी होत नाही, पण पावसात कोकणातून निघून त्याच रात्रीचं विमान पकडायचा हिशेब कोणी करू नये. देवगडच्या तिघांना दोन दिवस आधी ठाण्याला आणा. कणकवलीहून वंदे भारत ठाण्याला थांबते, बसून प्रवास होतो, वरच्या बर्थवर चढायची भानगड नाही. परतीलाही तेच. पहाटे मुंबईत उतरून तशीच गाडी काढून महामार्गाने देवगड गाठायचा बेत बाबा आखतील. आखू देऊ नका.

कागदांवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण बेत मोडतात ते इथे.

आजीचा पासपोर्ट नवीन काढायचा असेल, असं धरतो. जुन्या माणसांच्या कागदांवर नाव तीन तऱ्हेचं असतं: शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, मतदार ओळखपत्रावर 'बाई' लावलेलं, आधारवर कोणा ऑपरेटरने टाइप केलं तसं. जन्मतारीख तर निम्म्या महाराष्ट्राची १ जून, कारण मास्तरांनी शाळा सुरू झाल्याची तारीख लावून टाकली. तारीख खरी की खोटी याची चिंता नको, सगळ्या कागदांवर एकच असली म्हणजे झालं. आधी आधार दुरुस्त करा, मग त्याच्याशी जुळेल असा पॅन किंवा दुसरा दाखला, आणि सगळं जुळल्यावरच अर्ज. आता पोस्टातही पासपोर्ट केंद्रं निघाली आहेत, जवळचं कुठलं पडतं ते बघा. ३६ पानी पासपोर्टला मोठ्यांची फी १,५०० रुपये, अठराच्या आतल्यांची १,००० रुपये. साठीपुढच्यांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना नव्या अर्जावर दहा टक्के सूट मिळते. तत्काळचे २,००० रुपये वर पडतात, पण नावांचा घोळ तत्काळनेही सुटत नाही. जूनला जायचं तर आजीचा अर्ज फेब्रुवारीच्या आत गेला पाहिजे. आजी दहावी नसल्या तरी काळजी नको. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीचा शिक्का पडतो, पण पन्नाशीपुढच्या माणसाला तो लागत नाही. घरातलं कोणी पन्नाशीच्या आतलं आणि दहावी न झालेलं बरोबर येणार असेल, तर मात्र मला आधी सांगा.

तान्हीचं वेगळं आहे. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो. दाखला काढून बघा, त्यावर मुलीचं नाव चढलंय का? बाळंतपण माहेरी झालेलं असतं, नोंद त्या नगरपालिकेत झालेली असते आणि नावाची जागा रिकामीच राहिलेली असते. ते नाव चढवून आणायला एक फेरी तिथे मारावी लागते. मुलांच्या अर्जाला आई-वडील दोघांची सही लागते. तुम्ही दोघं घरी आहात म्हणून सोपं. दादाने पुतणीचा पासपोर्ट तपासावा. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि नवव्या वर्षी काढलेला असला तर तो संपत आला असेल. प्रवासाच्या दिवशी सगळ्यांच्याच पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी.

आता युरोप का नको, ते या कागदांवरूनच समजेल. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाला, बारा वर्षांपुढच्या प्रत्येकाने स्वतः मुंबईच्या केंद्रात जाऊन बोटांचे ठसे द्यायचे असतात. म्हणजे आजीची देवगड-मुंबई ही फेरी निव्वळ ठशांसाठी. आणि ठसे उमटतील याची खात्री काय? तुमच्याकडे काजू असतील तर आजीची बोटं एकदा उजेडात धरून बघा. वर्षानुवर्षं काजूचं तेल लागून पेरांची सालं निघालेली असतात, वर विळी-खोबऱ्याने गुळगुळीत झालेली. मशीन चार-चार वेळा बोटं ठेवायला लावतं, मागे रांग खोळंबते, आणि बाई उगाच ओशाळते. आठ दिवस आधीपासून रात्री हाताला खोबरेल चोळलं की फरक पडतो, पण मुळात ही यातायात टाळता येत असेल तर का करा? त्यावर फी माणशी ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५. शिवाय ३०,००० युरोचा विमा सक्तीचा. हे सगळं जमवून तिथे गेल्यावर काय? ग्रुप टूर सात-आठ-नऊवर चालते: सातला उठा, आठला नाश्ता, नऊला बस. रोज किंवा एक दिवसाआड नवं हॉटेल, रोज बॅगा भरा. वीस महिन्यांचं पोर या तालावर चालत नाही. आणि स्वित्झर्लंडचं युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे. ७९व्या वर्षी तिथे नेण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं लागेल. युरोप तुम्ही दोन्ही भाऊ पुढे कधीतरी बायका-मुलांना घेऊन करा.

दुबई चांगली, पण नोव्हेंबर ते मार्च. जूनमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, आणि हिवाळ्यात बाबा मोकळे नाहीत. बाली मला आवडते. भात, नारळ, मासे, देवळं, आपल्या माणसाला परकं वाटत नाही. पण तिथे पदपथ तुटके, देवळांना पायऱ्या भरपूर आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला गाडीत बराच वेळ. आईंच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. तुम्ही विचारलेलं नाही, पण खर्च आखडायचा असेल तर श्रीलंका डोळ्यांसमोर ठेवा: घड्याळ आपलंच, म्हणून बाबांच्या गोळ्यांच्या वेळा बदलत नाहीत, आणि जेवणात आंबोळीसारखे आप्पम नि खोबऱ्याची चटणी. फक्त जूनमध्ये तिथे पूर्व किनारा कोरडा आणि पश्चिम किनाऱ्यावर पाऊस असतो, त्याप्रमाणे ठिकाण निवडावं लागेल.

सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटमार्फत ऑनलाइन होतो. ठसे द्यायला कोणालाही मुंबईला जावं लागत नाही. आपली माणसं माझ्याकडे कागद व्हॉट्सअपवर पाठवतात आणि फोटो मात्र नीट, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढून आणतात. पोहोचण्याच्या तीन दिवस आत सगळ्यांचं आगमन कार्ड ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटी असतात, त्यांच्या नादी लागू नका. मुंबईहून थेट विमान साडेपाच तासांच्या आसपास. लिफ्ट सगळीकडे, रस्ते सपाट, नळाचं पाणी पिता येतं, घाम आपल्यासारखाच येतो. महाग आहे, हे कबूल. पण एका हॉटेलात पाच रात्री राहिलात की बॅगा एकदाच उघडायच्या, आणि दहा जणांच्या घरात हीच निम्मी विश्रांती असते.

हॉटेल लिटल इंडियात किंवा त्याच्या आसपास घ्या. तिथे खोल्या लहान असतात आणि एका खोलीत तीनच्या वर माणसं घेत नाहीत. म्हणून चार खोल्या धरा, त्यातल्या दोन आतून दार असलेल्या मागा, म्हणजे आजी आणि आई-बाबा शेजारी राहतील. बाथटब असलेली खोली आजीला नको. टबचा काठ ओलांडताना माणसं पडतात. शॉवर सपाट जमिनीवर आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा. आणि हो, प्लास्टिकचा एक मग बॅगेत टाका. सगळ्यांना तिथे गेल्यावर त्याची आठवण होते.

दिवस कसा आखायचा? सकाळी एक गोष्ट, दुपारी खोली, संध्याकाळी एक गोष्ट. बस. बाबा जेवले, पोरगी झोपली, आईंनी पाय वर घेतले, आजीने तीनचा चहा घेतला, आणि पाच वाजता सगळे ताजे. पहिल्या दिवशी बोटॅनिक गार्डन. प्रवेश फुकट, २०१५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि माड-सुपारीत वाढलेली आजी झाडं बघत तास काढते. गार्डन्स बाय द बेला संध्याकाळी जा. उंच लोखंडी झाडांखालचा रोषणाईचा कार्यक्रम पावणेआठ आणि पावणेनऊला असतो, त्याला तिकीट नाही. तिथल्या दोन काचेच्या बागांना तिकीट आहे, पण आत गार असतं, म्हणून दुपारी उन्हात अडकलात तर तिथे शिरा. प्राणिसंग्रहालयात ट्राम फिरते, ती पकडायची. नाइट सफारी सव्वासातला उघडते, ती तान्हीला आणि तिच्या आईला सक्तीची करू नका.

आणि हे नीट ऐका: सगळ्यांनी सगळीकडे एकत्र जायची शपथ घेऊ नका. एवढा खर्च करून आलो, मग आजी का मागे, असं म्हणत तिला युनिव्हर्सलच्या गर्दीत दिवसभर बाकावर बसवून ठेवतात. त्यात कोणाचं सुख? त्या दिवशी तुम्ही, दादा आणि मोठी दोन मुलं तिकडे जा. आजी, आई-बाबा लिटल इंडियातच थांबू देत: सकाळी वीरमाकालीअम्मन देवळात दर्शन, मग तेक्का सेंटरचा मासळीबाजार. माझ्याकडून जाऊन आलेल्या बायका परतल्यावर मरिना बेचे नव्हे, तर तेक्काच्या मासळीचे फोटो दाखवतात आणि पापलेटाचा भाव सांगून हसतात. आणि एक अर्धा दिवस असा ठेवा की तान्ही तुमच्याकडे आणि तुमच्या बायकोला वहिनींबरोबर पोर नाही, पर्स नाही, असं फिरता येईल. हा अर्धा दिवस कार्यक्रमपत्रिकेत लिहून ठेवा, नाहीतर तो होत नाही.

विमानतळ ते हॉटेल आणि लांबच्या जागांसाठी १३ सीटची व्हॅन मिळते. ठरवताना तान्हीसाठी आणि सात वर्षांच्या मुलासाठी सीट मागून घ्या. तिथे १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत त्याच्या मापाची सीट लागते. साध्या टॅक्सीला सूट आहे, ॲपवरच्या खासगी गाडीला नाही. मेट्रोत खाऊ काढू नका, पाण्याची बाटलीही नाही. ५०० डॉलरपर्यंत दंड आहे आणि लाडू तोंडात असताना हुज्जत घालता येत नाही.

लाडवावरून आठवलं, सामान. आपल्या घरातून बॅग भरली जाते तेव्हा मी शक्य असेल तर फोनवर एकेक जिन्नस विचारतो. खसखस अजिबात नको. सिंगापूर आणि आखात दोन्हीकडे ती बंदीत येते, कारण ती अफूच्या बोंडाचं बी. आता ती कुठे कुठे असते बघा: डिंकाचे लाडू, अनारसे, आणि बऱ्याच घरांच्या मालवणी मसाल्यात. मसाला न्यायचाच तर त्यात काय घातलंय ते आईंना विचारून घ्या. दुसरं सुकं खोबरं. तेलकट, पेट घेणारं म्हणून विमानाच्या सामानातून काढायला लावतात, आणि वाट्यांची पिशवी कोणीतरी 'असू दे' म्हणून हमखास घालतंच. तिसरी आजीची मिश्री. सिंगापुरात तोंडात धरायच्या तंबाखूवर बंदी आहे, गुटखा-खैनी-जर्दा सगळं त्यात आलं. डबी घरी ठेवायची म्हणजे आजीला सहा दिवस काढायचे आहेत, म्हणून हे तिला निघायच्या दिवशी नको, आतापासून सांगा. दादाने सिगारेटची पाकिटंही नेऊ नयेत. तिथे एकाही सिगारेटला करमाफी नाही. आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली नको, फुटली की सगळ्या साड्या जांभळ्या, आमसुलं न्या. मेतकूट, भाजके पोहे, सुकी चटणी चालेल. खोलीत किटली असते, चहा-दूध पावडर पुरेशी. इंडक्शनची शेगडी नेऊन खोलीत भात शिजवायचं डोक्यातही आणू नका, धुराचा गजर वाजला की अख्खं हॉटेल खाली उतरतं. आणि सुनांना परदेशात नेऊन स्वयंपाकाला लावायचं असेल तर देवगडच काय वाईट?

औषधं हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव असू दे. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं कोणाला चालू असतील तर त्या देशाचे नियम आधी तपासायला हवेत. बाबा इन्सुलिन घेत असतील तर ते चेक-इनला टाकू नका, विमानाच्या पोटातल्या सामानात गोठू शकतं. सिंगापूर अडीच तास पुढे आहे, तेव्हा डोसची वेळ कशी सरकवायची हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

व्हीलचेअर. आजीला आणि आईंनाही मागा, आई नाही म्हणतील तरी. विमान कंपनीला ४८ तास आधी कळवायचं, त्याचे पैसे नाहीत. चालता येतं पण लांब नाही, ही एक पायरी. जिनाही चढवत नाही, ही दुसरी. कोणती ते नीट सांगा. खुर्ची ढकलणारा माणूस वेगळ्या रांगेने नेतो आणि घर दोन भागांत तुटतं. म्हणून आजीबरोबर एक जण नेमून ठेवा आणि तिचा पासपोर्ट त्याच्या हातात. खुर्चीचा दुसरा फायदा म्हणजे सरकता जिना टळतो. पहिल्यांदा बघणारी माणसं त्याच्या तोंडाशी थबकतात, साडीचा काठ दातऱ्यात जाईल म्हणून पाऊल उचलत नाहीत आणि मागून लोंढा येतो. ठाण्यात दोन दिवस आहात तर मॉलमध्ये एक-दोनदा सराव करून घ्या. आजीच्या ब्लाउजच्या आतल्या पाकिटात हॉटेलचं नाव-पत्ता आणि तुमचा फोन इंग्रजीत लिहिलेलं कार्ड ठेवा.

तिकिटात एक मेख आहे. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर चालतं, पण वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात, परतीच्याही. तान्ही त्याआधी दोनची होत असेल तर तिला सीट घ्यावी लागेल आणि तुम्ही पूर्ण दहा व्हाल. साध्या बुकिंगमध्ये सहसा नऊच प्रवासी बसतात. दहाला ग्रुपचं भाडं मागावं लागतं आणि ते स्वस्त असेलच असं नाही. स्वस्त दराच्या चारच जागा उरल्या असतील आणि तुम्ही एकदम नऊ मागितल्या, तर यंत्र सगळ्यांना वरचा दर लावतं. म्हणून मी दोन-तीन तुकड्यांत तिकिटं काढतो. विमान रात्रीचं असेल तर सकाळी पोहोचाल आणि खोली दुपारी दोन-तीनला मिळेल. आजीला लॉबीत सहा तास बसवण्यापेक्षा आदल्या रात्रीच्या दोन खोल्यांचे पैसे भरा. तिकिटावर विमानतळ कोणता तेही वाचा, आता नवी मुंबईही आहे.

विमा घेताना बाबांचा मधुमेह आणि आजीचं जे असेल ते लिहा. लपवलं की दावा नाकारायला तेवढंच पुरतं. साठीपुढे बऱ्याच पॉलिसींत खर्चाला उपमर्यादा असतात. स्वस्त हप्ता बघण्याआधी ते पान वाचा. पैशांबद्दल: तिकीट, हॉटेल, व्हॅन, जेवण यांची एकच पिशवी करा, खरेदी ज्याची त्याची. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच वसूल करायचा आयकर, घेतला जातो आणि तो विवरणपत्र भरून परत मागता येतो. बागेच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून बाबा विवरणपत्र भरत नसतील, तर पॅकेज त्यांच्या पॅनवर घेऊ नका, तुमच्या घ्या.

घरचं काही आताच बोलून ठेवा. देवाला दिवा कोण लावणार, गुरं-कुत्रा कोणाकडे? आणि भावकीत सुतक आलं तर? विमा जवळच्या नातलगांपुरताच पैसे देतो, तिसऱ्या पिढीच्या चुलत्यासाठी नाही. आजीला आधीच विचारा, तेव्हा जायचं की थांबायचं. बहुतेक आजी 'तिकडे जाऊन पाळेन' म्हणतात, पण हे ऐन वेळी मुलांनी ठरवलं तर भांडण होतं. निघण्याआधी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून घ्या. आजी मग निम्म्या गोष्टींना घाबरणार नाही.

राहिला दादा. जहाजावरून उतरायची तारीख कंपनी सांगते आणि बदली माणूस वेळेवर आला नाही तर ती सरकते. सगळ्या घराची तारीख त्याच्या तारखेला बांधू नका. त्याचं तिकीट वेगळं, तारीख बदलता येणारं काढा, दोन पैसे जास्त गेले तरी चालेल; तो जिथे उतरेल तिथून थेट सिंगापूरलाही येऊ शकतो, व्हिसा मात्र आधी हातात हवा. तो न आल्यास पुतणी एकट्या आईबरोबर जाणार. वडिलांच्या संमतीचं पत्र विचारलं जाऊ शकतं, म्हणून या रजेत घरी आला की ते पत्र सही करून, नोटरी करून वहिनींच्या पर्समध्ये ठेवायला सांगा, सोबत त्याच्या पासपोर्टची प्रत.